लिटरला सात

"महिन्याभरात ही गाडी लिटरला बारा देईल," असं काटेसाहेब कचेरीत जेवणाच्या सुट्टीत बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर त्यांना थकल्यासारखं झालं. पण शब्द तोंडातून सुटले होते, आणि समोर सहाजण डबा खायचे थांबले होते.

काटेसाहेब म्हणजे वजनकाट्यांचे निरीक्षक. डोंगराच्या अल्याडपल्याडच्या दुकानांत जाऊन तिथले काटे खरं बोलतात की खोटं ते बघायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गाडी अठरा वर्षांची, भक्कम, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी. चिखल असो की खडी, ती कधी अडली नव्हती. फक्त तिची तहान भागत नसे. लिटरला सात. पंपावरचा माणूस तर लांबूनच ओळखीचं हसायचा आणि त्यांनी काच खाली करायच्या आत नळी हातात घ्यायचा. त्या दिवशी हिशेबनिसाने आपल्या चिमुकल्या गाडीचं ॲव्हरेज तिसऱ्यांदा सांगितलं, आणि साहेबांच्या तोंडून ते बारा निघाले.

आधी ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री गाडीखाली होते, त्यामुळे सल्ला जमिनीतून आला. हवेचा फिल्टर बदला, चाकांतली हवा दर आठवड्याला बघा, टपावरचा सामानाचा सांगाडा काढा, आणि गाडी दोन दिवस माझ्याकडे सोडा, सगळं तपासून देतो. टायर बदलायचे असतील तर... एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर गेले आणि परत आलेच नाहीत. दोन दिवस गाडी सोडायला त्यांना वेळ नव्हता.

मग स्वतःच कामाला लागले. फिल्टर बदलला. सांगाडा उतरवला. टायरच्या दुकानात 'कमी इंधनात जास्त धाव' असा फलक दिसला, तेव्हा पुढचे दोन टायर नवे घातले. मागचे झिजले होते, पण अजून वर्षभर ओढतील असे होते. त्यानंतर वजनाची पाळी आली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची वजनं तपासली त्याच्या हाती आता स्वतःची डिकी लागली होती. जॅक, पाना, जादा चाक, ओढायचा दोर, फावडं, दोन घोंगड्या, सगळं कचेरीतल्या मोठ्या काट्यावर चढलं. एकसष्ट किलो, तीनशे ग्रॅम. ते सगळं घरच्या जिन्याखाली जाऊन पडलं.

बायको हे सगळं बघत होती. ती दवाखान्यात परिचारिका, बावीस वर्षं पायांवर उभी. माणसं स्वतःचं काय काय करून घेतात ते तिने पाहिलेलं होतं.

"आता मलाही उतरवणार का?" तिने विचारलं.

साहेबांनी लगेच नाही म्हणायला हवं होतं. ते क्षणभर विचारात पडले. त्या एका क्षणापायी पुढचे दोन दिवस त्यांना स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

त्याच आठवड्यात तिला पत्र आलं. डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात मेट्रनची जागा होती आणि मुलाखत सोमवारी अकराला. बावीस वर्षांत तिने अशा तीन जागा हुकताना पाहिल्या होत्या. एकदा मुलगी तापाने फणफणली होती, एकदा सासूबाई पडल्या होत्या, आणि एकदा साहेबांना दौऱ्यावर जायचं होतं. या खेपेला ती फक्त एवढंच म्हणाली, "मला साडेदहाला तिथे पोचवा."

सोमवारी ते आठला निघाले. पांढरीशुभ्र साडी, कडक इस्त्री, मांडीवर कागदांची पिशवी. धुकं होतं, म्हणून दिवे लावले. साहेबांनी वाचलं होतं की पायाखालचं पेडल हळुवार दाबलं तर पेट्रोल वाचतं, म्हणून गाडी चाळीसच्या पुढे जात नव्हती. रस्ता अरुंद. मागे एक ट्रक लागला, त्याच्यामागे एक बस, मग गाड्याच गाड्या, सगळ्यांचे दिवे लावलेले. बायको आरशात बघून मोजत होती. तेवीसवर पोचल्यावर तिने मोजणं सोडलं.

घाटाच्या पायथ्याशी चौक होता. तिथल्या हवालदाराने धुक्यातून बघितलं, तर पुढे एक करडी मोठी गाडी, काचेवर 'तपासणी पथक' अशी पाटी, आणि मागे शिस्तीत चाललेला दिव्यांचा लांबलचक ताफा. त्याने दोन्ही बाजूंची वाहनं हात दाखवून रोखली, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. साहेबांची मान खाली गेली. बायकोने मात्र शांतपणे मान लववून तो घेतला. एवढ्या वर्षांत तिला कुणी पहिल्यांदाच रस्ता मोकळा करून दिला होता.

घाट सुरू झाला आणि वळणांवर गाडी हट्टी वासरासारखी अडखळू लागली. स्टिअरिंग वळवलं की खालून काहीतरी करकरायचं, जणू पुढची चाकं आणि मागची चाकं भांडून वेगळी राहायला निघाली होती. तिसऱ्या वळणावर जळका वास आला. चौथ्यावर खालून एक जाड आवाज झाला आणि गाडी उभी राहिली. मागे तो सगळा ताफाही थांबला.

साहेब उतरले, सवयीने डिकीकडे गेले, ती उघडली. आत सतरंजी होती, स्वच्छ झाडलेली. त्यांनी ती उचलून खालीही बघितलं.

मागच्या ट्रकातून एक बाई उतरल्या. चाळिशीच्या, हातात मोजे, तोंडावर अठरा किलोमीटर एकाच गाडीच्या मागे काढल्याचा शीण. त्यांचा ट्रक सपाट पाठीचा होता, बंद पडलेल्या गाड्या वाहून नेणारा. त्यांनी वाकून पुढचे टायर बघितले, मग मागचे, मग साहेबांचा चेहरा.

"काका, या गाडीला चारही टायर सारखेच लागतात. हे पुढचे मोठे, मागचे झिजून लहान. दोघांची धाव जुळत नाही, मग मधलं यंत्र सारखी मारामारी करत राहतं. जळलं ते."

"दोर असता तर ओढून नेली असती," साहेब पुटपुटले.

"दोर माझ्याकडे आहे. पण हिला ओढायचं नाही, आणखी बिघडेल. पाठीवरच घ्यावी लागेल."

साहेबांनी घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच. त्यांना वाटलं, आता बायको काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती खाली उतरली, निऱ्या सावरल्या आणि ट्रकच्या उंच पायरीवर चढून बसली. गाडी पाठीवर चढायला दहा मिनिटं लागली. साहेब बायकोच्या आणि खिडकीच्या मध्ये अंग चोरून बसले. ट्रकवाल्या बाईंनी सगळी वळणं अशी घेतली की साहेबांनी दोनदा डोळे मिटले. दहा त्रेपन्नला ट्रक इस्पितळाच्या दारात उभा राहिला, आणि मेट्रनपदाची उमेदवार तिथून उतरून, साडीवरची धूळ झटकत, एकदाही मागे न बघता आत गेली.

जागा तिला मिळाली. ऐनवेळी अडचण आली तर काय करता, असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा तिने म्हणे त्या सकाळचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या समितीला इतकं हसताना शिपायाने कधी पाहिलं नव्हतं.

गाडी मिस्त्रींकडे आठवडाभर होती. मधलं यंत्र बदललं, चार सारखे टायर लागले. न्यायला गेल्यावर मिस्त्री हात पुसत म्हणाले, "साहेब, मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक अडकलेला होता. अर्धवट दाबलेलाच. चार-पाच वर्षं तरी तुम्ही ब्रेक लावूनच फिरताय."

साहेबांनी हे घरी सांगितलं नाही. कचेरीत तर नाहीच.

आता गाडी रोज बायको नेते, डोंगर ओलांडून, आणि साहेब बसने दौरे करतात. एका रविवारी ती झोपली आहे असं बघून ते हळूच गाडीत जाऊन बसले. सीट पुढे ओढलेली होती, गुडघे स्टिअरिंगला टेकले. ते तसेच अवघडून ॲव्हरेज काढायला मीटरवरचा किलोमीटरचा आकडा चष्म्यातून शोधत होते, तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"काही हवंय का?"

"नाही, नाही," साहेब म्हणाले. "कुठे काही वाजतंय का, ते ऐकत होतो."

गाडी बंद होती.