फॅमिली रेटचं पेट्रोल

शारजाहून उम्म अल क्वैन चाळीस किलोमीटरवर. वाटेत, मी मोजले तेव्हा, अकरा पेट्रोल पंप लागले होते. बस्त्यावअंकल दर शुक्रवारी या अकराही पंपांकडे ढुंकूनसुद्धा न बघता पुढे जायचे आणि बाराव्या पंपावर टाकी भरून परत यायचे. का, तर तिथे पेट्रोल साडेचार लिटरच्या गॅलनमागे पंचवीस फिल्स, म्हणजे पाव दिरहम, स्वस्त मिळतं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की तेलाची विहीर जणू यांनीच खणली.

पासपोर्टावर सेबॅस्टियन, वसईत बस्त्याव आणि माझ्यासाठी अंकल. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका ॲल्युमिनियमच्या फॅक्टरीत ते स्टोअर सांभाळायचे, मी तिथेच अकाउंट्समध्ये होते. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. शारजात आमच्या बिल्डिंगी समोरासमोर, त्यामुळे मी रोज त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून ऑफिसला जायची. सकाळी दीड तास, संध्याकाळी ट्रॅफिकची मर्जी असेल तितका वेळ. एवढ्या वेळात माणूस देवाधर्माचं बोलतो, राजकारणाचं बोलतो. अंकल पेट्रोलचं बोलायचे.

आता मी पडले अकाउंट्सची बाई. चुकीचा हिशेब ऐकला की माझ्या डोक्यात मुंग्या येतात. पहिल्याच महिन्यात मी त्यांना आकडे मांडून दाखवले. दहा गॅलन भरले तर वाचतात अडीच दिरहम, म्हणजे तीस रुपये. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरला जळतं दीड गॅलन, म्हणजे सहा-सात दिरहम. अंकल, तुम्ही वाचवायला जाता की उधळायला?

अंकल अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी उलट मलाच विचारलं की वसईत एक गॅलन पेट्रोल केवढ्याला पडतं. मी अंदाजाने सांगितलं, सव्वाशे-दीडशे रुपये. इथे पन्नास रुपये. म्हणजे इथे गॅलन जाळला की किमान पंचाहत्तर रुपये वाचले. मग दीड गॅलन जास्त जाळला तर शंभराच्या वर वाचले की नाही? "जितकी गाडी फिरव, तितकी बचत. खलास," असं म्हणून त्यांनी गिअर टाकला. या हिशेबाने माणूस दिवसभर रिंगणात गाडी फिरवून लखपती व्हायला हवा, पण हे सांगेपर्यंत फॅक्टरी आली होती.

गाडी मात्र खोकायची. सिग्नलला उभी राहिली की टकटक, चढावर घरघर. फॅक्टरीतला प्रत्येक जण अंकलना सांगून दमला होता की हा त्या स्वस्तातल्या पेट्रोलचा प्रताप आहे. इंडस्ट्रियल एरियातल्या पठाण मेकॅनिकने तर बॉनेट उघडून, नाकाला रुमाल लावून जाहीर केलं होतं की असलं हलकं पेट्रोल पाजाल तर इंजिन दोन वर्षांत बसेल. अंकल सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "इंजिनाला जीभ नसते. चव आपल्याला लागते." मधल्या वारी टाकी रिकामी झाली की नाइलाजाने जवळच्या पंपावर थांबायचे आणि दहा दिरहमचंच भरायचे, तेसुद्धा तोंड वाकडं करून.

मी एकदा म्हटलं की मलाही न्या त्या पंपावर, एकदा बघू तरी. तर म्हणाले, तसं चालत नाही. ती सवलत फक्त शुक्रवारी, आणि फक्त फॅमिलीला. बायको शेजारी बसलेली दिसली पाहिजे. वर टिश्यूचा डबा फुकट.

आता हे वाचून तुम्ही हसाल, पण तेव्हा आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. त्या देशात शुक्रवार फॅमिलीचाच. बागेच्या फाटकावरचा वॉचमन एकट्या पुरुषांना परत पाठवायचा. हॉटेलात पडदा लावलेली फॅमिली रूम वेगळी असायची. मग पेट्रोलचा फॅमिली रेट का नसावा? मी ऑफिसात चार जणांना छातीठोकपणे सांगितलंसुद्धा.

अंकलची फॅमिली म्हणजे फिलोआंटी. एकुलती एक लविना लग्न करून कॅनडाला गेली आणि आंटींनी घर धरलं. आधी भाजीला खाली येणं बंद झालं, मग शुक्रवारचा चर्चमधला मिस्सासुद्धा. दिवसभर फोनपाशी बसायच्या. लविना फोनवर इंग्रजीतून सांगायची, "मॉम, गो आउट, मीट पीपल," आणि आंटी मराठीतून सांगायच्या की बाहेर पाऊल टाकलं की दिरहम जातात. अंकल एकदा गाडीत म्हणाले होते की डॉक्टरने गोळ्या दिल्यात, पण सोबत बजावलंय की हिला घराबाहेर काढा, नाहीतर गोळ्यांचा काही उपयोग नाही. ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मग लगेच म्हणाले, शुक्रवारी तेवढी येते. नवऱ्याचे पैसे वाचतात म्हणून येते.

पुढे आम्ही गाडी घेतली. सेकंडहँड, पण नितीनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नावावरची पहिली. नितीनचं ऑफिस अजमानला, त्यामुळे अंकलच्या गाडीतली माझी कारलिफ्ट सुटली नाही. पण पहिल्या शुक्रवारी मी ठरवलं की चलो, फॅमिली रेट. नितीन कुरकुरला, नव्या गाडीला कसलंतरी पेट्रोल नको म्हणाला. मी त्याला इंजिनाच्या जिभेचं ऐकवलं. शिवाय मी रीतसर साडी नेसले, मंगळसूत्र वर काढलं आणि मॅरेज सर्टिफिकेटची झेरॉक्स पर्समध्ये टाकली. म्हटलं, उगाच वाद नको.

पंप छोटासा होता, रस्त्यापलीकडे खाडीचं पाणी दिसत होतं. नासिर नावाचा, पोऱ्या नव्हे, चांगला पन्नाशीचा माणूस नळी घेऊन आला. मी काच खाली करून ऐटीत सांगितलं की फॅमिली आहोत. तो म्हणाला, माशाल्ला. मी म्हटलं, फॅमिली रेट लावा. त्याने नितीनकडे बघितलं, नितीनने समोर रस्त्याकडे बघितलं. मी झेरॉक्स बाहेर काढली. तेव्हा नासिर अगदी समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मॅडम, रेट तो सबका एक है. इधर भी, शारजा में भी."

मी हार मानणारी नव्हेच. पांढऱ्या गाडीतले अंकल, शेजारी आंटी, टिश्यूचा डबा, सगळी हकीकत सांगितली. नासिर हसायला लागला. म्हणाला, डबा तर ते स्वतःच आणतात. डिकी उघडायच्या निमित्ताने उतरतात, गुपचूप माझ्या हातात देतात, आणि मी पेट्रोल भरून झालं की आंटीच्या खिडकीशी जाऊन सलाम करून तो द्यायचा. इतकंच काम. "आंटी बहुत खुश होती है. फिर दोनों उधर पानी के पास बैठते हैं, एक घंटा, दो घंटा."

परत येताना नितीन इतका हसला की मी गाडी बाजूला घ्यायला लावली. मला हसू येत नव्हतं, राग आला होता. तीन वर्षं या माणसाने मला बनवलं! मला, अकाउंट्सच्या बाईला. त्या पेट्रोलवरून फॅक्टरीभर टोमणे खाल्ले, मेकॅनिकच्या शिव्या खाल्ल्या, पण एकदाही बोलला नाही की बाबांनो, हे तेच पेट्रोल आहे, गाडीच म्हातारी झालीय. उद्या सगळ्यांसमोर यांचा हिशेब तपासते, असं मी अजमान येईपर्यंत घोकत होते. अजमान गेल्यावर मला डॉक्टरचं बोलणं आठवलं आणि माझं घोकणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसहून येताना अंकल म्हणाले, फिलोने वर बोलावलंय, वसईहून आलेलं कोळंबीचं लोणचं द्यायचंय. वर गेले तर आंटी वाटच बघत होत्या. आमच्या गाडीची बातमी त्यांना आधीच लागली होती. लोणच्याची बरणी बाजूला ठेवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"गेलात ना पंपावर? किती वाचले?"

अंकल दारात बूट काढत होते. त्यांचा हात नाडीवरच थांबला. खरं सांगायचं तर आयुष्यात इतका चुकीचा हिशेब दुरुस्त करायची संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. एक वाक्य पुरे होतं. आणि त्या वाक्यानंतर आंटी पुन्हा शुक्रवारी घराबाहेर पडल्या नसत्या, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

"अडीच दिरहम," मी म्हटलं. "आणि डबा."

"फुलांचा दिला का? आम्हाला फुलांचा देतात."

"फुलांचाच."

आंटींचा चेहरा उजळला. म्हणाल्या, तिथे पाण्यापाशी बसायला बरं वाटतं, पुढच्या शुक्रवारी दोन्ही गाड्या बरोबरच काढू, मी चिकन-पोह्यांचं भुजिंग करून आणते, हॉटेलात कशाला पैसे घालवायचे. लविना गेल्यापासून त्या कुणासाठी काही करून आणते म्हणाल्या नव्हत्या.

अंकल मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. बटण दाबलं आणि लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले.

"नासिर बोलला ना?"

मी मान हलवली.

"बाय, आम्ही इथे नवीन आलो तेव्हा ती दर शुक्रवारी म्हणायची, चला, कुठेतरी जाऊ, पाणी बघू. मी म्हणायचो, पेट्रोल काय फुकट येतं? वीस वर्षं तेच म्हणत राहिलो. मग ती विचारायचीच बंद झाली."

लिफ्ट आली. अंकलनी दार हाताने धरून ठेवलं.

"पोरगी गेली, हिने घर धरलं, तेव्हा मी म्हटलं, फिलो, चल, पाण्यापाशी जाऊन बसू. तर मला म्हणते, पेट्रोल काय फुकट येतं?" त्यांनी डोळे पुसले, लपवायचा प्रयत्नही केला नाही. "मग काय करणार, बाय? केलं मी स्वस्त."