नातीसाठी सातवं दार

"पत्ता एकच, दारं सात! जो ज्या दाराचं नाव घेईल, त्याला तेच दार उघडेल!" छापखान्याच्या तंत्रमहर्षींनी घरी जेवताना बायकोला जाहीर केलं.

'तंत्रमहर्षी' हा किताब छापखान्यातल्या मंडळींनी अर्धा कौतुकानं आणि अर्धा चेष्टेनं दिलेला. महर्षी तो सबंध कौतुकाचाच धरून चालत. गिऱ्हाइकं आपापल्या फाइली छापखान्याच्या सर्व्हरवर टाकत आणि त्या सगळ्या एकाच ढिगात पडत. म्हणून महर्षींनी त्या एकाच सर्व्हरला सात नावं दिली, आणि प्रत्येक नावामागे वेगळा फोल्डर. पहिलं दार मोठ्या मशीनचं: तिथे पडेल ते आपोआप छापायचं. पुढची पाच गिऱ्हाइकांची. सातवं, मालकांच्या परवानगीनं, 'नात'.

सातासमुद्रापलीकडच्या लेकीला मुलगी होऊन अकरा आठवडे झाले होते.

"अहो, फोनवर आलाय फोटो. एकदा बघा तरी!" बायको म्हणाली.

"नको! पहिलं दर्शन नखाएवढ्या चौकटीत? फोनवर फोटो चेपून येतो. लेकीला सातव्या दाराचं नाव कळवलंय. मी पूर्ण आकारातच बघणार."

"नाक मात्र अगदी..."

"सांगू नकोस!" महर्षींनी दोन्ही कान झाकले.

सोमवारी लेकीचा फोन आला. "बाबा, ह्यांच्या जुन्या प्रोग्रामनं पाठवला फोटो. गेला म्हणतोय. मिळाला ना?"

महर्षींनी सातवा फोल्डर उघडला. रिकामा! पण इतकी फुशारकी मारल्यावर 'नाही' कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"मिळाला की!"

"कशी आहे?"

"छान," महर्षी म्हणाले, आणि उगाचच खोकले.

तेवढ्यात मशीनमन तीन फूट बाय चार फुटांचा कागद घेऊन आला. त्यावर एक टकलू बाळ बोळकं उघडून भोकाड पसरत होतं. "साहेब, हे कुणाचं काम? मशीननं आपलं आपण छापलं."

"लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे ना, त्यांचं असणार. काय बाळ निवडलंय! आणि नाक बघ, दारावरच्या घंटेचं बटण! दाबलं तर वाजेल!"

दुकानदार म्हणाला, "मी काही पाठवलं नाही बुवा. पण पोरगी झकास आहे, राहू द्या!" आणि त्यानं कागद दुकानाच्या काचेत लावला. मंगळवारी तेच बाळ झोपलेलं आलं, बुधवारी मूठ तोंडात कोंबलेलं. दोन्ही त्याच काचेत गेली.

महर्षी मात्र सातव्या दारापाशी ताटकळत होते. आल्या आल्या, चहाआधी, चहानंतर! त्या दाराची नोंदवही पाहिली. कुणी फिरकल्याची खूण नव्हती. घरी बायको आंघोळीला गेली की ते तिचा फोन उचलत, आणि न उघडताच पालथा घालून जागेवर ठेवत. माणसाला गिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो स्वतःचा मान.

परतीच्या वाटेवर ते दुकान लागे. महर्षी काचेसमोर क्षणभर थांबत. क्षणाची पाच मिनिटं होत. 'आपली एवढीच झाली असेल. तीही अशीच मूठ चोखत असेल का? तिला कुणी सांगितलं असेल का, की तिला एक आजोबा आहेत?' मग कुणी पाहिलं तर नाही ना, असं बघून ते झपाझप निघत.

शनिवारी नातीला झबलं घ्यायला बायकोनं त्यांना त्याच दुकानात आणलं. काचेसमोर ती खिळून उभी राहिली.

"अगं बाई! अहो, ही तर आपली छकुली! एवढे मोठे फोटो इथे लावलेत आणि मला पत्ता नाही?"

महर्षींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जावयाचा जुना प्रोग्राम दारापाशी येऊन कुणाचं नावच घेत नव्हता! आणि नाव न घेणाऱ्या पाहुण्याला सर्व्हर मुकाट पहिल्या दारानं आत घेत होता. पासवर्ड सातही दारांना एकच, म्हणून पाहुण्याला कुणी अडवलंही नाही. ही 'सोय'ही महर्षींचीच! चाचणी त्यांनी घेतली होती ती आपल्या नव्याकोऱ्या, न चुकता नाव घेणाऱ्या शहाण्या प्रोग्रामनं.

दुकानदार बाहेर आला. "वहिनी, तुमची नात का? तरीच! साहेब रोज संध्याकाळी इथे उभे असतात. मी म्हटलं, ह्यांचं हिच्याशी काही नातं आहे का काय!"

बायकोच्या ओठांवर टोमणा आला होता. नवऱ्याकडे पाहून तिनं तो परत घेतला.

"नाक तुमचं आहे," ती हळूच म्हणाली. "तेच सांगत होते त्या दिवशी."

एवढ्यात फोन वाजला. लेक विचारत होती, "बाबा, पुढच्या महिन्यात येतोय आम्ही! ओळखाल ना हिला?"

"न ओळखायला काय झालं? अख्खा रस्ता ओळखतो तिला!" महर्षींनी काचेवरून त्या घंटेच्या बटणावर अलगद बोट टेकवलं. "मलाच काय तो जरा उशीर झाला."