पापणी बघणारा दामू

आमच्या कडावात दामू कुणालाही भेटला की आधी त्याची डोळ्याखालची पापणी खाली ओढायचा. रामराम मागनं. पोस्टमनची बघितली, मांडवात नवरदेवाची बघितली, एकदा माझ्या बैलाचीही बघितली. बैलानं शिंग उगारलं. "लाल हाय," म्हणून दामू पुढं गेला. मी मात्र त्याला हात लावू दिला नाही.

"बघू दे रं तात्या."

"माझं रक्त माझ्यापाशी."

ही खोड त्याला बहिणीपायी लागली. सखू लोधिवलीला दिलेली. ऐंशीच्या सुमारास भाऊबीजेला आली ती पांढरीफटक. दामू चारचौघांत म्हणाला, "सासर मानवलं हिला, उजळली बघा." दोन महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांनी तिची पापणी ओढून बघितली, तपासण्या केल्या आणि सांगितलं, हाडातल्या मगजात रक्त तयार होतं, तो मगजच सुकलाय. भावाचा मगज जुळतो, पण काढून लावायचं काम आपल्याकडं अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

तिथं एक डॉक्टरबाई होत्या. मगजातलं रक्ताचं बी काचेच्या बशीत वाढतं का, ते त्या बघत होत्या. वाढीसाठी त्यात घेवड्याच्या दाण्यातून काढलेलं सत्त्व घालायच्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, हा नुसता शोध आहे, सखूला वेळेत उपयोगी पडेल असा शब्द देत नाही. दामूनं तेवढं ऐकलं नाही. कमरेच्या हाडात सुई टोचून घेऊन त्यांना आपला मगज दिला, आणि पुढच्या खेपेला परसातला घेवडा पिशवी भरून नेला.

"बाटलीतलं कवाचं असंल बाई. ह्यो सकाळी तोडलाय."

बाईंनी त्याची भाजी केली. दामूला त्याचंही वाईट वाटलं नाही.

बाईंना तो शेती शिकवायचा. "आदी राब भाजायचा. पालापाचोळा, शेण टाकून जमीन जाळायची, मग बी पेरायचं. रोप आलं की उपटून लावनी." बाई हसल्या आणि म्हणाल्या, बाहेरदेशी तसंच करतात, आजाऱ्याचा मगज आधी औषधानं जाळतात, मग दुसऱ्याचा लावतात. झालं. आठ दिवस कडावभर एकच, "मुंबईत पन राबच भाजतात."

मी तिसरी शिकलेला. मला हे पटलं नाही. म्हटलं, "हाडातलं कधी रुजतं होय रं?"

"तुजं डोकं रुजलं का? तरी तुला खायला घालतातच ना."

भिंगातून बाईंनी त्याला बशी दाखवली. "मोहरीएवढं पन नाय तात्या," तो सांगत आला, "पन धरलंय."

लावणीच्या दिवसांत सखू गेली.

त्यानंतर दामूनं कुणाची पापणी बघितली नाही. पोस्टमन स्वतः थांबायचा, हा मान खाली घालून जायचा. एकदा बाईंना कळवायला मुंबईला जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं मला म्हशीला पाणी दाखवता दाखवता सांगितलं.

बाईंनी विचारलं होतं, तुमच्या मगजाची बशी आता बंद करू का?

"मी म्हनलं, लावनी झाल्यावर उरलेली रोपं कुनी फेकतं का? ज्याचा राब कुजला त्याच्या बांधावर ठेवायची. बाई म्हनल्या, तुमचं सगळ्यांना जुळत नाय. नसंल. त्यांना शिकायला तर हुईल? मग कमरेच्या दुसऱ्या बाजूला टोचून घेतलं."

एका वर्षी माझा राब कुजला होता, लावायला रोप उरलं नव्हतं. मी कुणाकडं मागायला गेलो नाही, जाणारही नव्हतो. सकाळी बांधावर रोपांच्या मुठी रचून ठेवलेल्या. कुणी ठेवल्या ते विचारलं नाही. लावल्या, पिकलं, खाल्लं.

मी चष्मा काढून वाकलो. "बघ रं."

त्यानं हात धोतराला पुसला, पापणी ओढली आणि बराच वेळ बघत राहिला.

"फिकं हाय," म्हणाला, आणि घेवडा तोडायला परसात गेला.