सातवी पेटी, घर क्रमांक एकशे चौदा

ज्या गावात भूत नाही ते गाव स्वतःला ऐतिहासिक म्हणवून घ्यायला लायक नसतं. ते नुसतंच जुनं असतं. हे सत्य एका नगरपालिकेला उशिरा का होईना उमगलं, आणि उमगल्यावर तिने वेळ दवडला नाही. अवघ्या चार वर्षांत ठराव मंजूर झाला.

ठरावाचं नाव 'भयस्थळ पेटीशोध मोहीम'. गावातल्या सात झपाटलेल्या जागी सात लाकडी पेट्या लपवायच्या. प्रत्येक पेटीत एक रबरी शिक्का, एक शाईचं पॅड आणि एक नोंदवही. पाहुण्याने कोड्याची चिठ्ठी घेऊन पेटी हुडकायची, शिक्का आपल्या वहीत उठवायचा, पेटीतल्या नोंदवहीत दोन ओळी लिहायच्या आणि घाबरायचं (घाबरणं ऐच्छिक). सात शिक्के जमले की मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. झपाटलेल्या जागा कोणत्या, एवढंच काय ते कोणाला ठाऊक नव्हतं.

भुतांची यादी करायचं काम फिरत फिरत तक्रार विभागाच्या कारकुनाच्या टेबलावर आलं. (नगरपालिकेत जे काम कोणाचंच नसतं ते त्याचं असतं.) सव्वीस वर्षं नोकरी झालेला, फायलीची गाठसुद्धा न ओढता सोडवणारा सरळ माणूस. त्याला मुख्य कारकून व्हायचं होतं. ती खुर्ची महिन्याभरात रिकामी होणार होती आणि साहेब मोघम बोलले होते, "सात पेट्या बसवा, मग बघू." सहा बसवणाऱ्याकडे कोणी बघणार नव्हतं, हे त्याला न सांगता कळलं.

भुतांशी त्याचा परिचय नव्हता, तक्रारींशी होता. म्हणून त्याने तक्रारवही उघडली आणि भल्याभल्या विद्वानांना न लागलेला शोध त्याला दुपारच्या चहाआधी लागला. जुन्या दवाखान्यात मेलेला डॉक्टर फेऱ्या मारतो म्हणतात. तिथल्या दाराला कडी बसवा, ही तक्रार अकरा वर्षं पडून. पुलाखाली बाई कण्हते म्हणतात. तिथला पाइपाचा जोड सात वर्षं सुटलेला. मनोऱ्यावर भलत्याच वेळी तेरा टोले पडतात. घड्याळ बघणारा निवृत्त झाला, जागा भरायची राहिली. थोडक्यात, गावातली समस्त भुतं दुरुस्ती विभागाने घडवली होती. लोक त्या विभागाला उगाच नावं ठेवत होते. बिचारा वारसा जपत होता. पाच वर्षं पडून राहिलेली तक्रार म्हणजे सरासरी एक भूत, असं प्रमाण कारकुनाने काढलं आणि ते साहेबांनाही पटलं.

सहा जागा तासाभरात निघाल्या. सातवी तर वहीत ठाण मांडूनच बसली होती: मागची गल्ली, घर क्रमांक एकशे चौदा. दारासमोरचा रस्त्याचा दिवा बंद आहे, अशी नऊ वर्षांत त्रेचाळीस पत्रं. सगळी टाइप केलेली, सगळ्यांखाली 'आपली नम्र, रहिवासी'. शिवाय वाटसरूंच्या तीन तक्रारी: त्या अंधाऱ्या गल्लीत बंद खिडकीआडून टकटक आवाज येतो, बंदोबस्त व्हावा. कारकुनाचा जीव भांड्यात पडला. त्याने यादीत 'टकटक करणारं भूत' लिहिलं, कोडं छापायला दिलं आणि नियमाप्रमाणे समक्ष पाहणीला निघाला.

गल्लीत शिरल्यावर एकशे चौदाच्या पायऱ्या ओळखीच्या दिसल्या तेव्हा त्याने दारावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला. दार उघडलं ते त्याच्या सख्ख्या मावशीने.

मावशीचं घर त्याला माहीत नव्हतं असं नाही. डोळे मिटून सापडलं असतं. पण तो मावशीला नंबराने ओळखत नव्हता आणि पत्रांना नंबरानेच ओळखत होता. त्रेचाळीस पत्रांवरचा 'नोंद घेतली' हा शेरा त्याच्याच हातचा होता. मावशीने तीस वर्षं टायपिंगचे वर्ग चालवले होते. त्यालाही तिनेच शिकवलं होतं.

"ये," मावशी म्हणाली. "सहा वर्षांनी आलास. दिव्याचं काही झालं का?"

"दिव्याचं नाही गं. भुताचं काम आहे."

त्याने खाली मान घालून योजना सांगितली. कलम नऊही सांगितलं: स्थळी जिवंत व्यक्तीचे वास्तव्य नसावे.

"म्हणजे मी आहे म्हणून तुझं अडलंय."

"तसं नाही मावशी."

"तसंच आहे. लोक किती येतील रोज?"

"अंदाजे चाळीस."

मावशीने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "गेल्या वर्षात माझ्याकडे मीटर बघणारा आला होता. तोही घाईत होता. चाळीस म्हणतोस ना? मग लिही, निर्जन. थांब, मीच टाइप करून देते. तुझ्या चुका होतात."

अशा रीतीने मावशी स्वतःच्या हाताने, एकही खाडाखोड न करता, कागदोपत्री नाहीशी झाली.

मोहीम तुफान चालली, आणि सातवी पेटी सगळ्यांत जास्त. पहिल्या महिन्यात एक हजार तीनशे बावीस नोंदी. पेटी जिन्याखाली होती. शोधणारे कुजबुजत शिरत आणि पडद्यामागे टकटक सुरू होई. मग पडद्याखालून एक टाइप केलेली चिठ्ठी सरके: 'जिन्याखाली पाहा. डोकं सांभाळा.' कोणाला खोकला आला तर पडद्याआडून पाण्याचा पेला येई. नोंदवहीत लोकांनी भरभरून लिहिलं. 'काटा आला.' 'भूत फार प्रेमळ आहे.' 'माझं लग्न मोडल्याचं भुताला सांगितलं, भुताने शेवटपर्यंत ऐकलं.' (ऐकल्याचा पुरावा म्हणून दोन पानी उत्तर जोडलेलं होतं.) शेजारच्या घरातली मंडळीही चारदा येऊन गेली. भिंतीला भिंत लागून एकोणीस वर्षं राहत होती, पण आतापर्यंत यायला निमित्त नव्हतं. कारकून मुख्य कारकून झाला आणि दर गुरुवारी पाहणीला जाऊ लागला. पाहणीला दोन दोन तास लागत. मावशीच्या गालावर मांस आलं होतं.

मग मुख्याधिकाऱ्यांनी सातही स्थळं पाहायचं मनावर घेतलं आणि दुरुस्ती विभागाची एकच धावपळ उडाली. साहेब अंधारात ठेचकाळले तर? नऊ वर्षं न लागलेला दिवा एका दुपारी लागला. असा लख्ख लागला की पडद्यामागे बसलेल्या मावशीचा चष्मासुद्धा रस्त्यावरून दिसायला लागला.

लोकांची साफ निराशा झाली. ही तर साधी म्हातारी बाई आहे, असं नोंदवहीत एकाने लिहिलं. दुसऱ्याने नगरपालिकेने फसवल्याचं लिहिलं. दोन आठवड्यांत चाळिसावरून तीन, तिनावरून शून्य. पुढच्या गुरुवारी कारकुनाने वही उघडली. सलग चार पानांवर एकेकच ओळ टाइप केलेली होती: 'आज कोणी आलं नाही. रहिवासी.'

त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सव्वीस वर्षांत त्याने एकही खोटा कागद केला नव्हता (निर्जनचा सोडून), पण त्या दिवशी कचेरीत परत येऊन त्याने स्वतःच्या सहीने अर्ज लिहिला: मागच्या गल्लीतील दिव्याची तातडीने दुरुस्ती व्हावी. चालू दिव्याची दुरुस्ती कशी करायची, असं दुरुस्ती विभागात कोणी विचारलं नाही. माणसं आली, शिडी लावली, तासभर दुरुस्ती केली. दिवा गेला. पलीकडच्या दोन गल्ल्यांचेही गेले. सोमवारपासून पुन्हा चाळीस माणसं येऊ लागली आणि मावशीने टाइपरायटरची नवी रिबन मागवली.

या यशानंतर पुढच्या वर्षी पन्नास पेट्या बसवायचं ठरलं आहे, आणि जागा सुचवायला नागरिकांकडून अर्ज मागवले आहेत. अर्जात तीनच रकाने आहेत: स्थळाचा पत्ता, तिथल्या व्यक्तीशी अर्जदाराचं नातं, अर्जदाराची शेवटची भेट कधी. पहिल्या आठवड्यात दोनशे बारा अर्ज आले. नात्याच्या रकान्यात आई, वडील, काका, थोरली बहीण, शाळेतल्या बाई. तिसरा रकाना एकशे नव्वद जणांनी कोरा सोडला, उरलेल्यांनी 'नक्की आठवत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं. मुख्य कारकुनाने एकही अर्ज बाद केलेला नाही.

मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. पत्ता सुचत नसेल तर अडून बसू नये. हे वाचताना मघाशी ज्यांचा फोन वाजला आणि तुम्ही 'नंतर करू' म्हणून बंद केलात, त्यांचा लिहिला तरी चालेल.