देशासाठी रेटणारे

कापगते काकाजींना कुणाची ओळख करून दिली की ते आधी त्याच्या मागे जायचे. समोरचा बिचारा हात जोडून उभा, आणि हे पाठीमागून त्याची मान पाहून राहिले आहेत! मग खांद्यावर दोन थापा, पोटरीवर एक नजर, आणि निकाल तिथल्या तिथे. "मान बरी हाये. पाय कोंबड्याचे. नाई जमत." काय जमत नाही ते त्या माणसाला शेवटपर्यंत कळायचं नाही.

माझंही तेच झालं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला मी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बाबू म्हणून लागलो आणि मला काकाजींच्या भिंतीला भिंत लागून क्वार्टर मिळालं. मी डोक्यावर ट्रंक घेऊन दारात उभा, तेवढ्यात मागून आवाज आला. "उंची हाये. मान लंबी हाये, मोडू शकते. पन दुसऱ्या रांगेत चालन." मला वाटलं, इथे रॉकेलला दोन रांगा असाव्यात. मी नम्रपणे विचारलं, "कशाची रांग, काकाजी?"

"देशाची," ते म्हणाले आणि माझ्या ट्रंकेला हात लावायला पुढे आले.

रग्बी हा शब्द तेव्हा सगळ्या भंडारा जिल्ह्यात एकाच माणसाच्या तोंडी होता. काकाजी मूळचे लाखांदूरकडचे, धान पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी कलकत्त्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथल्या मैदानावर त्यांनी हा खेळ पाहिला. भोपळ्यासारखा लांबुडका चेंडू, दर बाजूला पंधरा माणसं. त्यातले सात पळणारे आणि आठ रेटणारे. आठजण एकमेकांना मिठ्या मारून, डोकी खाली घालून समोरच्या आठांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणायचं. काकाजींचा जीव जडला तो या आठांवर. पळणाऱ्यांचं नाव काढलं की ते तोंड वाकडं करायचे. "पळते तर कुत्रंबी. रेटणारा दाखव!"

तर काकाजी भारताच्या राष्ट्रीय संघाचे रेटणारे निवडत होते. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. देशाला तेव्हा असा संघ तरी होता का? तोही नव्हता. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मीच वेडा आहे.

"बाबू, घर बांधाच्या पयले खांब पायता का नाई? का छप्पर हवेत ठेवता अन् मंग खांब शोधाले जाता?"



आठांना त्यांनी आपल्या भाषेत नावंही दिली होती. पुढच्या रांगेत दोन बाजूंना दोन खांब, मध्ये चेंडू पायाने मागे ओढणारा आकडा, म्हणजे दोन नंबर. कलकत्त्याला काकाजी याच जागेवर खेळलेले, असं सगळे म्हणायचे. दुसऱ्या रांगेत बैलजोडी. कडेला दोन राखणदार. आणि सगळ्यांच्या मागे आठवा, तो धुरकरी. गाडी हाकणारा तो, असं त्यांचं म्हणणं. बैलजोडीतला एक बैल मी होतो, हे माझ्या बायकोला कळलं तेव्हा तिने आठवडाभर माझा छळ केला.

निवड चालायची बाराही महिने. शंकरपटाला सारी दुनिया पळणारे बैल पाहायला जाते. काकाजी सुटायच्या जागी उभे राहून बैलांना मागे रेटून धरणारी माणसं पाहायचे. जोडी सुटली, धुरळा उडाला, लोक ओरडत तिकडे पळाले की हे इकडे एकाची पोटरी चाचपत बसलेले. माझ्या लग्नात पंगतीच्या मागून हिंडत होते, तर सासऱ्यांना वाटलं वाढपी आहे, त्यांनी हातात कढीची बादली दिली. काकाजींनी कढी वाढता वाढता नवरीकडचे दोन मामा बाद केले. एकदा तर आमच्या लाइनीतल्या म्हाताऱ्याची तिरडी उचलली, सगळे रडताहेत, आणि हे माझ्या कानाशी म्हणतात, "मागचा उजवा पाय. काय खांदा हाये गा!" मी म्हटलं, "काकाजी, निदान आज तरी!" तर म्हणाले, "मेला त्याले मी कुठं निवडून राहिलो?"

निवडण्यापेक्षा वगळणं जास्त भारी होतं. काकाजी मोठे न्यायी. ज्याला वगळायचं त्याला समक्ष जाऊन सांगायचं, अशी शिस्त. एका रविवारी एस.टी. पकडून थेट लाखांदूर गाठलं आणि धानाच्या बांधीत चिखल तुडवत उभ्या असलेल्या आपल्या एका खांबाला, सुकरूला, शेताच्या धुऱ्यावरून ओरडून सांगितलं, "सुकरू, तुले वगळलं! खांदा उतरला तुया!" सुकरूला आपण निवडलो गेलो होतो हेच मुळी ठाऊक नव्हतं. पण वगळलं म्हटल्यावर माणसाला लागतंच ना! तो दोन दिवस जेवला नाही. शेवटी त्याची बायको जवाहरनगरला आली आणि आमच्या क्वार्टरांसमोर कमरेला पदर खोचून उभी राहिली. "काहून वगळलं जी आमच्या मानसाले? काय कमी हाये त्याईच्यात?" काकाजी वरमले. पुढच्या रविवारी शेव-चिवडा घेऊन गेले आणि सुकरूला पुन्हा देशात घेऊन आले.

अशी त्यांनी जिल्हाभर माणसं जोडली होती. कुणाच्या बारशाला जातील, कुणाचा बैल आजारी पडला तर पाहायला जातील. घरी मात्र कुणी नव्हतं. लग्न राहून गेलं ते गेलंच. संध्याकाळी स्टोव्हचा आवाज आला की समजावं, एका माणसाचा भात शिजून राहिला आहे. जेवण झालं की ते अंगणात येऊन कुंपणावरून मला हाक मारायचे आणि तीन नंबरच्या खांबाचा प्रश्न काढायचे.

एका पावसाळ्यात काय झालं, नागपूरकडच्या एका छावणीतला पंजाबी कॅप्टन कामासाठी कारखान्यात आला. काकाजी सवयीने त्याच्या मागे गेले. आणि तो गडी चक्क वाकला, खांदे पुढे काढले, आणि हसून म्हणाला, "लूज हेड प्रॉप, चाचा!" म्हणजे पुढच्या रांगेतला डावा खांब. अहो, काकाजी तिथल्या तिथे खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

कॅप्टन स्वतः रग्बी खेळलेला. त्याने काकाजींचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ठीक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी माझे आठ जवान घेऊन येतो. तुमच्या आठांनी त्यांना एकदा, फक्त एकदा मागे रेटून दाखवावं. रेटलं, तर दरवर्षी कलकत्त्याला सामन्यांसाठी जे लोक जमतात त्यांना मी तुमची नावं कळवीन. देशाचा संघ निघाला तर भंडाऱ्याकडेही पाहा म्हणून सांगीन. पण नाही रेटलं, तर चाचा, हा नाद सोडून द्यायचा.

काकाजींनी हात पुढे केला. आम्हाला मात्र धडकी भरली. हा नाद सुटला तर या माणसाजवळ काय उरणार होतं, सांगा! रात्रीचा भात तेवढा.

करीच्या दिवशी सकाळपासून एस.टी.ने माणसं उतरायला लागली. पोटात पोळ्याचं पुरण, डोळ्यांवर झोप. सुकरूला त्याच्या बायकोनेच धाडलं होतं, "जा ना बापा, देशाचं काम हाये!" म्हणून. धुरकरी पंढरी आला, मिशा पिळत. मैदानात आदल्या दिवशीच्या पावसाचा घोटाभर चिखल. फौजी ट्रकमधून उतरले, एकेक जण असा की आमच्या दाराच्या चौकटीत मावणार नाही. आणि आमचा दोन नंबर, आंधळगावचा वासुदेव, काही येईना. दुपारच्या गाडीने कंडक्टरजवळ निरोप तेवढा आला: सासुरवाडीले थांबवून घेतलं, लेकराईचा तान्हा पोळा पाहूनच येतो.

"आठ नहीं तो मैच नहीं," कॅप्टन म्हणाला.

सुकरू म्हणाला, "काकाजी, तुमीच या ना मधात. तुमी तं कलकत्त्याले दोन नंबरच होते ना!"

काकाजींनी मला हाताला धरून बाजूला नेलं. "बाबू, मी कधी मधात गेलोच नाई गा. रेषेबाहेर बसून लिंबं कापून देत जाओ. खेळनाऱ्याईले. दरसाल वाटे का आता निवडतीन." मग म्हणाले, "मले कोनी निवडलंच नाई."

अशा वेळी गोड बोललो असतो तर ते रडलेच असते. मी म्हटलं, "माझी मान मोडू शकते असं तुम्हीच सांगितलं, तरी मी चाललो आहे ना? मग तुम्ही कायले भेता?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून रुमालात बांधला, तो कॅप्टनच्या हातात दिला आणि धोतराचा काचा मारला.

पहिला स्क्रम लागला. डोकी खाली गेली, आणि काकाजी सोडून आमचे सातही जण एका दमात "कबड्डी-कबड्डी-कबड्डी" म्हणायला लागले! मीसुद्धा, खोटं कशाला सांगू? समोरच्याच्या हद्दीत डोकं घातलं की दम धरायचा, हे आमच्या हाडात भिनलेलं. काकाजी मधून ओरडताहेत, "श्वास घ्या रे भडव्याहो!" कोण ऐकतो! फौज्यांनी आम्हाला पाच हात मागे नेलं. त्याहून बहार पुढे. दोन्ही खांबांचा दम तुटला, तसे ते प्रामाणिकपणे बाद झाले आणि रेषेबाहेर जाऊन मांडी घालून बसले. पुढच्या डावात त्यातलाच सुकरू एका जवानाला शिवून वाऱ्यासारखा आपल्या हद्दीत पळत आला आणि हुज्जत घालायला लागला, "शिवलं ना मी त्याले! मेला थो! बाहेर काढा!" कॅप्टनला हसता हसता शिट्टी वाजवता येईना.

हसून झालं, पण रेटणं काही होईना. दरवेळी आम्हीच मागे. काकाजींच्या कपाळाला खोक पडली, गुडघे फुटले, तरी पुन्हा मध्ये येऊन उभे. कॅप्टनने बोट वर केलं. हा शेवटचा.

तेव्हा मागून पंढरी धुरकरी बोलला. "असं नाई जमत जी. हे काय सारा वखत जोर लावून राहिले! गाडी फसली समजा बांधीत. मी बोंबलीन तवाच जोर लावा. मधातल्या वखती पाय रोवून दम खा."

आता हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. चिखलात धानाची गाडी फसली की गावातला कुणीही जाणारा-येणारा खांदा लावतो, तो असाच. आम्ही वाकलो. फौज्यांनी जोर लावला, आमचे पाय पिंडरीपर्यंत रुतले, आणि आम्ही नुसते थांबलो. मग मागून पंढरीची आरोळी आली, "जोर लगाके..." आणि आठांच्या पोटातून निघालं, "हईशा!" समोरची भिंत बोटभर हलली. पुन्हा थांबलो. पुन्हा "हईशा!" फौज्यांचे बूट चिखलात सटकायला लागले, आमची अनवाणी बोटं मात्र रुतून बसलेली. माझं डोकं काकाजींच्या आणि सुकरूच्या कमरेमध्ये अडकलेलं, मला दिसत काही नव्हतं, पण पायाखालची जमीन मागे सरकत होती. एक पाऊल. दुसरं. मैदानाभोवती सारं जवाहरनगर ओरडत होतं.

कलकत्त्याला नावं गेली का? कॅप्टन शब्दाचा पक्का होता, कळवली असतील. तिकडून बोलावणं काही आलं नाही, आणि काकाजींनी कधी त्याची वाटही पाहिली नाही. ते पुढेही कित्येक वर्षं निवडत राहिले आणि वगळत राहिले.

पण त्या दिवशी शिट्टी वाजली, फौजी सुटे झाले, टाळ्या वाजवायला लागले. मी डोकं बाहेर काढलं. पंढरी नाचत होता. आणि काकाजी दोन्ही खांबांच्या गळ्यात हात टाकून तसेच वाकलेले.

"सोडा ना जी काकाजी," सुकरू हळूच म्हणाला, "शिट्टी झाली."

"थांब ना गा. जरासाक थांब."

आवाज रडवेला होता. मी पुढे होऊन पाहिलं, तर चिखलाने भरलेल्या तोंडावरून पाणी ओघळत होतं आणि माणूस हसत होता. या माणसाने जिल्ह्यातल्या हजार खांद्यांवर थाप दिली असेल. त्याच्या खांद्यावर कुणाचा हात मी त्याआधी पाहिला नव्हता.

सुकरू अर्धा उठला होता, तो पुन्हा वाकला. त्याने काकाजींच्या पाठीवरून हात घालून घट्ट धरलं आणि मागे ओरडला, "या रे सारे, धरा पुन्यांदा!" राखणदार आले. पंढरी नाच सोडून मागे येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या पाठीत रट्टा घातला, "वाक ना बाबू!" मी वाकलो. कॅप्टनने तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली. आम्ही आठही जण एकमेकांना धरून तसेच त्या चिखलात उभे राहिलो, आणि समोर रेटायला कुणीच नव्हतं.