वरच्या आवळशेतचं खग्रास

मोठेपणाला पुरावा लागतो, आणि पुरावा जितका जुना तितके तो तपासणारे कमी, हे सर्वमान्य तत्त्व आहे. आजूबाजूच्या गावांनी आपापली सोय वेळेवर करून घेतली. कुणाकडे जुनी तोफ आहे. कुणाकडे तोफ होती असं सांगणारा म्हातारा आहे. रोह्याकडच्या आमच्या वरच्या आवळशेतकडे यातलं काहीच नव्हतं. भात, वाल आणि धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी मुलं, एवढंच. वहाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या खालच्या आवळशेतकडेही नेमकं तेवढंच होतं, आणि खरं दुखणं ते होतं. (वहाळ मोठा आहे. उन्हाळ्यात तो ओलांडताना कोंबडीसुद्धा विचार करते. पण ते कोंबडीच्या स्वभावामुळे.)

ही उणीव गेल्या हिवाळ्यात जितेशने दूर केली. जितेश आमच्याच गावचा. शेजारच्या खांब गावच्या नाक्यावर त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने प्राचीन काळातली सूर्यग्रहणं नकाशावर दाखवणारी एक वेबसाइट उघडली. कुठलंही जुनं ग्रहण निवडलं की त्याची सावली पृथ्वीवर कुठून कुठे गेली ते तिच्यात दिसतं. जितेशने सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं एक ग्रहण निवडलं आणि त्याला घाम फुटला. सावलीच्या पट्ट्याची कड थेट आमच्या वहाळावरून जात होती. वहाळाच्या वर खग्रास, वहाळाच्या खाली खंडग्रास.

अनभिज्ञ वाचकांसाठी थोडा खुलासा. चंद्राने सूर्य पुरता झाकला तर ते खग्रास. भरदिवसा काळोख होतो, चांदण्या दिसतात, पाखरं घरट्यात परततात. थोडा सूर्य उरला तर खंडग्रास; त्यात पाखरं फक्त वर बघतात. चंद्र लांब असल्यामुळे पुरला नाही आणि कडेने सूर्याची बांगडी शिल्लक राहिली, तर ते कंकणाकृती. ही विभागणी शास्त्रज्ञांची आहे. यातलं उच्च कुठलं आणि हलकं कुठलं, हे ठरवायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं होतं. ते काम आमच्या गावाने केलं.

हैबतराव हे आमच्या गावातल्या सर्व समित्यांचे अध्यक्ष. (आधी समिती होते की आधी ते अध्यक्ष होतात, याबद्दल मतभेद आहेत.) त्यांनी त्याच संध्याकाळी 'खग्रास समिती, आवळशेत (वरचे)' स्थापन केली. चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली, सबब हा वृत्तान्त अधिकृत समजावा. समितीच्या पहिल्या ठरावानुसार 'खग्रास ग्राम आपले स्वागत करीत आहे' असा फलक करण्यात आला. तो महामार्गाकडे तोंड करून लावायचा होता. पण महामार्गावरच्या लोकांना वाचायला वेळ नसतो, म्हणून तो खालच्या गावाकडे तोंड करून लावला.

खालच्या गावचे सुलेमानचाचा फलक बघायला आले. अनेक वर्षं कुवेतला काढून आता ते भाताची गिरण चालवतात, आणि हैबतरावांचे लहानपणापासूनचे दोस्त आहेत. फलक वाचून ते म्हणाले, "हैबत, तीन हजार वर्षांमागं इथं खाडीचं पाणी असंल. माणूस कुठला? ग्रहण बघितलं ते माशांनी."

हैबतराव शांतपणे म्हणाले, "मासे तरी आमच्याच बाजूचे व्हते ना?"

चाचांनी हसून गिरणीची वाट धरली. समितीने हा आपला पहिला शास्त्रीय विजय मानला.

इथवर सगळं गोडीत होतं. अडचण अशी की हैबतरावांचा मुलगा हर्षद याचा साखरपुडा खालच्या गावच्या विमलबाईंच्या समीक्षाशी झालेला होता. दोघं धाटावला वेगवेगळ्या कंपन्यांत कामाला, बस एकच. समीक्षा कंपनीच्या लॅबमध्ये, हर्षद प्लांटवर. बसमध्ये शेजारी बसून बसून जमलेलं लग्न होतं. अशी लग्नं आमच्याकडे टिकाऊ समजतात, कारण महामार्गाच्या वर्षानुवर्षं चाललेल्या कामातून रोज जाऊनही ज्यांचं भांडण होत नाही त्यांचं पुढे काय होणार.

परंतु तत्त्वापुढे साखरपुडा लहान. हैबतराव तो मोडायला विमलबाईंच्या अंगणात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "विमलबाय, पोरगी सोन्यासारखी हाय. पन ज्या घरावर पुरता काळोख पडलाय त्या घरात अर्ध्या उजेडातली सून कशी आणू? लोक काय म्हंतील?"

विमलबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "लोक म्हंजे कोन, दादा?"

"म्हंजे समिती."

"आनि समितीत कोन?"

"मी हाय," हैबतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये समीक्षाने हर्षदला विचारलं, "तू काय म्हणालास बाबांना?"

"मी म्हटलं, बघू."

"त्या दिवशी तू होतास का, तीन हजार वर्षांपूर्वी?"

"नाय."

"मग तो काळोख बघितला कुणी?"

हर्षदने शिफ्टभर विचार केला आणि परतीच्या बसमध्ये उत्तर दिलं, "पूर्वजांनी." समीक्षा उठली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. हर्षद नागोठण्याला शिकलेला आहे, मूर्ख नाही. पण घरात त्याला आजवर कुणी मत विचारलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुठे ठेवलंय हे त्याला चटकन सापडत नसे.

प्रकरण विकोपाला जाऊ नये म्हणून दोन्ही गावांची एकत्र सभा शाळेच्या पटांगणात भरली. पेणहून निलेशसर म्हणून एक खगोलाचे जाणकार आले होते. रीतीप्रमाणे त्यांच्यासाठी पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावली होती. सर भले माणूस. त्यांनी सांगितलं की पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावत आलंय, आणि ते जुन्या काळात नेमकं किती मंदावलं याचा अंदाजच करावा लागतो. म्हणून इतक्या जुन्या ग्रहणाची रेषा नकाशावर काढली तरी ती पक्की नसते. पूर्वेला किंवा पश्चिमेला बरीच सरकू शकते.

मग आमच्या बाजूने पहिला प्रश्न आला: पृथ्वी मंदावली हे कोणत्या सभेत ठरलं? सरांनी ते कुणी ठरवत नाही असं सांगितल्यावर नाराजी व्यक्त करण्यात आली.

खालच्या गावाकडून शिवा उभा राहिला. हा विमलबाईंचा भाऊ, समीक्षाचा मामा. "सर, ती रेषा किती लांब सरकू शकते?"

"अगदी शंभर किलोमीटरसुद्धा. जास्तही."

"एवढं नको," शिवा म्हणाला. "आम्हाला फक्त वहाळ ओलांडायचाय."

त्यावर आमची बाजू उठली, मग त्यांची उठली. हैबतरावांनी ठराव मांडला की पृथ्वीचा वेग काहीही असो, रेषा आहे तिथेच राहील. सर काहीतरी सांगत होते. ते काय सांगत होते हे इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त लिहिणारा (म्हणजे मी) तेव्हा ओरडत होता. सर पोपटी न खाता पेणला परतले. आमच्या भागात पोपटी सोडून कुणी उठत नाही. त्यावरून विज्ञानाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना यावी.

यानंतर विमलबाईंनी जे केलं त्याला आमची समिती आजही 'घुसखोरी' म्हणते. त्या थेट खांबला जितेशच्या दुकानात गेल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मलापन एक ग्रहण काढून दे." जितेश व्यावसायिक माणूस. त्याने शोधलं. आणखी जुनं एक कंकणाकृती ग्रहण निघालं, खालच्या आवळशेतच्या बरोबर डोक्यावर.

विमलबाई परत आल्या आणि साकवावर, म्हणजे वहाळावरच्या आमच्या लहानशा पुलावर उभ्या राहून दोन्ही गावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या गावाला आभाळातनं काळोख आला. आमच्या गावाला बांगडी आली. ज्याला जे शोभतं ते देव देतो."

याचे परिणाम दूरगामी झाले. आमच्या गावातल्या बायका आजवर खग्रासाच्या कट्टर समर्थक होत्या. त्या एकदम गप्प झाल्या. हैबतरावांच्या पत्नीने ताटात भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, "अवो, आपल्याकडं बांगडी कधी?" हैबतराव उपाशी उठले आणि खांबला गेले. जितेशने तेच ग्रहण पुन्हा दाखवलं. बांगडी आमच्याही गावावर होती. पण ती नागोठण्यावर होती, कोलाडवर होती, पेणवर होती, पार समुद्रापर्यंत होती. जी सगळ्यांच्या हातात आहे ती बांगडी घालून मिरवायचं कुठे? हैबतराव तसेच परतले.

त्याच आठवड्यात हर्षद समीक्षाच्या दारात गेला आणि म्हणाला की बाबा निवळतील, थोडं थांब. समीक्षा अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होती.

"तुमचं घर खग्रास असंल," ती म्हणाली. "पण तू नाहीस. साखरपुड्याला तू होतास. बाबांनी मोडला तेव्हा नव्हतास. बसमध्ये असतोस, सभेत नसतोस. याला काय म्हणतात ते तुमच्या फलकावर लिहिलेलं नाय, म्हणून सांगते. खंडग्रास म्हणतात. मला असा नवरा नको."

ती आत गेली. हर्षदने दोरीवर उरलेले कपडे काढून ओटीवर ठेवले. मग घरी आला, बॅग भरली, आणि आईच्या पाया पडून साकव ओलांडून गेला. बापाला एवढंच म्हणाला, "बाबा, मी आता खंडग्रास झालो." सुलेमानचाचांनी त्याला गिरणीच्या माडीवर खोली दिली.

समितीपुढे पेच पडला. खग्रासातून खंडग्रासात जाण्याची तरतूदच नव्हती. उलट दिशेचे अर्ज येतील या भीतीने आम्ही त्यासाठी कडक नियम केले होते. खाली कुणी जाईल हे डोक्यातच आलं नव्हतं. तातडीची बैठक बोलावली, पण अध्यक्ष आले नाहीत. ते फलकाची पाहणी करायला गेले होते. त्यानंतर ते रोज संध्याकाळी फलकाची पाहणी करू लागले. फलकाजवळून गिरणीची माडी दिसते.

एकदा सुलेमानचाचा येऊन त्यांच्या शेजारी बसले. पलीकडे हर्षद माडीवर कपडे वाळत घालत होता.

"पोरगा दिसतो इथनं," चाचा म्हणाले.

"दिसतो," हैबतराव म्हणाले. "पुरता झाकला नाय अजून." आणि थोड्या वेळाने, "जेवतो का?"

"आमच्या घरवालीच्या, आमनाच्या हातचं जेवतो. पण भाकरी थापता येत नाय म्हणून रोज शिव्या खातो. समीक्षा शिकवायला येते."

हैबतराव उठले. घरी आले आणि जितेशला फोन करून म्हणाले, "त्या वेबसाइटवर अजून काय प्रकार हायत का बघ."

होता. चौथा प्रकार. सावली जाता जाता काही ठिकाणी खग्रास दिसतं, काही ठिकाणी कंकणाकृती, आणि दोन्ही मिळून ते एकच ग्रहण. त्याला संकरित म्हणतात. जितेशला असं एक ग्रहण सापडलं. ते आमच्यापासून खूप लांब, भर समुद्रात झालं होतं. पण मासे आपलेच, हे तत्त्व पूर्वीच मान्य झालेलं होतं.

हैबतरावांनी सभा घेतली. उभे राहिले, घसा साफ केला. "संकरित म्हंजे काय, हे आपल्याला शास्त्रज्ञांनी शिकवायची गरज नाय. आपन भात लावतो. संकरित बियान्याला एकरी उतारा जास्त असतो." सभेतले सगळे शेतकरी. विरोधाला जागा उरली नाही.

मग ते साकव ओलांडून विमलबाईंच्या अंगणात गेले. या वेळी उभे राहिले नाहीत, ओटीवर बसले. "विमलबाय, चूक झाली असं मी म्हनत नाय. माहिती अपुरी व्हती."

"बसा दादा," विमलबाई म्हणाल्या. "चा घ्या. अपुऱ्या माहितीवर साखर जरा जास्तच लागते."

समीक्षाने मात्र हर्षदला समोर बोलावून विचारलं, "आता सगळे व्हय म्हणतात. तुझं काय?" तो म्हणाला, "बाबा नाय म्हणाले असते तरी मी इथंच राहणार व्हतो. भाकरी येते आता." तिने भाकरी खाऊन बघितली. कडा कच्च्या होत्या. तरी ती हो म्हणाली.

लग्न साकवावर झालं, म्हणजे नवरा-नवरी आणि भटजी मावले तेवढे साकवावर, आणि पंगती दोन्ही काठांवर. वरच्या काठावर वालाचं बिरडं आधी संपलं, हा योगायोग समजावा असं समितीने कळवलं आहे. हैबतरावांनी नव्या सुनेच्या हातात सोन्याची बांगडी घातली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. विचारलं तर म्हणाले, सूर्याकडे बघत होतो.

हा वृत्तान्त पसरल्यापासून जितेशच्या दुकानात रोज रांग असते. पुण्या-मुंबईहूनही फोन येतात. फोन करणारे सगळे सुशिक्षित, सुज्ञ, तुमच्यासारखेच. आवळशेतच्या अडाणीपणावर ते आधी मनापासून हसतात. आमचा या भाकडकथांवर विश्वास नाही, असं स्वच्छ सांगतात. मग आवाज थोडा खाली आणून आपल्या गावाचं नाव देतात आणि म्हणतात, सहज म्हणून बघा हो. उत्तर खंडग्रास आलं, तर आजपर्यंत एकानेही फोन ठेवलेला नाही. सगळ्यांनी एकच विचारलं आहे: ती रेषा थोडी सरकते ना?

तुमच्या गावाचं नाव काय म्हणालात?