एका चुलीवरची माणसं

"दोन माणसं आठवड्यात दोन किलो साखर खातात?" कचेरीत मॅडमनी टॅब सर्वेक्षकापुढे सरकवला. एकोणचाळीस घरांपुढे हिरवी खूण होती, या एकाच घरापुढे लाल. "पुन्हा जाऊन विचारा. चाळीसही घरं हिरवी झाली, तरच पुढच्या टप्प्याला तुम्ही. नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

गावाचा विकास व्हायचा तेव्हा होईल. पण तो सुरू होण्याआधी कोण किती पिकवतं आणि किती खातं, हे नोंदवण्यावर त्याचं घर चाललं होतं. शिवाय "काम पक्कं झालंच समज," असं बायकोला छातीठोकपणे सांगून तो मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो त्या घरी हजर झाला. काकूंनी त्याला पाहताच चहाचं आधण ठेवलं.

"चहा नको, काकू. फक्त साखरेचं सांगा."

"चहा न घेणाऱ्याला मी घरातलं काही सांगत नसते."

मग चहा झाला. काका शेतातून आले आणि भुईमुगाचं सांगत बसले, तोवर जेवणाची वेळ झाली. सर्वेक्षण बघायला आलेल्या चार शेजाऱ्यांनाही चहा मिळाला. शेवटी काकूंनी डबा तिरका करून आत पाहिलं. "गेल्या सात दिवसांत ना? अडीच किलो."

"अहो, परवा दोन म्हणालात!"

"परवाचे सात दिवस वेगळे, आजचे वेगळे."

यात खोट काढायला जागा नव्हती. तो रोज जाऊ लागला, आणि रोज दोन्ही वेळा जेवूनच परतू लागला. एकदा त्याने पित्ताचं निमित्त काढून चहा टाळला, तर काकूंनी मोठा तांब्याभर सरबत केलं. आकडा तीन किलोंवर गेला आणि टॅब लालभडक झाला.

शेवटी मॅडम स्वतः आल्या. "इतकी साखर लागते कुणाला?" त्यांनी दरडावून विचारलं.

काकांनी शांतपणे सर्वेक्षकाकडे बोट दाखवलं. "यांना. आठवडाभर इथंच असतात. आणि ताई, तुमचाही हा दुसरा कप."

मॅडमनी कप खाली ठेवला. सर्वेक्षकाला वाटलं, संपलं सगळं. पण मॅडम नियमांची पुस्तिका चाळत होत्या. "सातांपैकी चार दिवस जो ज्या चुलीवर जेवला, तो त्या कुटुंबातला. तुम्ही किती दिवस जेवलात?"

"सहा," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग माणसं तीन. शेजाऱ्यांचा चहा आणि माझा, पाहुणचाराच्या रकान्यात." त्यांनी बटण दाबलं. टॅब हिरवा झाला. "पुढच्या टप्प्याला या."

संध्याकाळी तो जवळजवळ नाचतच घरी पोचला. बायकोला सगळी हकीकत त्याने तिखटमीठ लावून सांगितली, नियमासकट. ती ओट्याशी उभी राहून ऐकत होती.

"चांगलंच झालं की," ती म्हणाली. "पण मला सांगा, या आठवड्यात इथं किती दिवस जेवलात?"

त्याने बोटांवर मोजलं. एकच बोट पुरलं.

"मग माझं चुकलं नाही. मी एकटीपुरताच स्वयंपाक केलाय."

तो केविलवाणा हसला. "निदान चहा तरी?"

"देते की," तिने पातेलं चढवलं. "पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? बसा."